रोजच्या धावपळीत हाशेमचा हात कसा बघायचा

हे मी त्या लोकांसाठी लिहितेय ज्यांना देव आहे हे मान्य आहे, जे प्रार्थना करतात, सणवार पाळतात, पण रात्री झोपताना कोणी विचारलं की आज दिवसभरात देव कुठे दिसला, तर त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. मी कितीतरी वर्षं तशीच होते. आम्ही यहुदी (ज्यू), घरात शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र असा विश्रांतीचा दिवस, व्हायचा, मेणबत्त्या लागायच्या, पेसाख सणाची साफसफाई व्हायची, आणि मधले सहा दिवस नुसती पळापळ, त्यात हाशेम कुठे आहे हे बघायचं कधी डोक्यातच यायचं नाही. (हाशेम म्हणजे शब्दशः 'ते नाव', देवाचं खरं नाव आम्ही येता जाता घेत नाही म्हणून बोलताना असं म्हणतो.)

आमच्याकडे या सगळ्याला एक शब्द आहे, हश्गाखा प्रातित, म्हणजे हाशेमचं एकेका माणसाकडे वेगळं लक्ष असणं. जग बनवलं आणि वाऱ्यावर सोडून दिलं असं नाही, तो बघतोय, तुमच्याकडेही आणि माझ्याकडेही. आता हे लक्ष किती बारीक, यावर आमच्या मोठ्या लोकांचं एकमत नाहीये. रामबाम (1138–1204) म्हणतात की माणसांवर असं लक्ष असतं, पण झाडावरून अमुकच पान पडलं किंवा कोळ्याने अमुकच माशी खाल्ली यामागे वेगळा हुकूम नसतो. आणि 18 व्या शतकातले बाल शेम तोव आणि त्यांचे हसिदी (भक्तिमार्गी) शिष्य म्हणतात की नाही, पान वाऱ्याने उलटलं तरी ते त्याच्याच मर्जीने. मी हा वाद सोडवायला बसलेली नाही. तुमचं मन ज्या बाजूला असेल त्या बाजूला राहा, बघायची सवय दोन्हीकडे सारखीच लावावी लागते.

तल्मुदात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, एक ओळ आहे, निद्दा या भागाच्या पान 31 वर, की ज्याच्या बाबतीत चमत्कार होतो त्यालाही तो ओळखता येत नाही. मला या ओळीने फार धीर दिला. म्हणजे आपल्याला दिसत नाही याचा अर्थ काही होत नाहीये असा नाही, बघणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती शिकावी लागते.

पहिलं काम: थांबणं

मोशेची (मोझेसची) गोष्ट सगळ्यांना माहीत असते, झुडूप पेटलंय पण जळून जात नाहीये. आता जरा विचार करा, झुडूप जळून जात नाहीये हे कळायला किती वेळ बघत राहावं लागेल? पहिल्या मिनिटाला ते कुठल्याही पेटलेल्या झुडपासारखंच दिसणार ना. घाईत असलेल्या माणसाला आग दिसली असती आणि तो कळप घेऊन पुढे गेला असता. आणि तोरा म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथातल्या शेमोत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की मोशे वाट सोडून बघायला वळला, ते हाशेमने पाहिलं, आणि मग हाक मारली. आधी मोशे वळला, हाक नंतर आली.

अब्राहामची दासी हागार, तिचंही तसंच. रानात पाणी संपलंय, पोरगं मरायला टेकलंय, ती लांब जाऊन रडतेय, आणि मग वचन काय म्हणतं, देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला पाण्याची विहीर दिसली. विहीर नव्याने झाली असं म्हटलेलंच नाही. विहीर होती.

तर थांबणं, पण कसं थांबणार, कामं असतात, मुलं असतात, मोबाईल वाजत असतो. "आजपासून मी लक्ष देणार" असं मनाशी ठरवून काही होत नाही, मी दहा वेळा ठरवून बघितलंय, दुपारपर्यंत विसरायला होतं. म्हणूनच आपल्या खाखामिमनी, म्हणजे जुन्या जाणत्या लोकांनी, दिवसातच थांबे लावून ठेवलेत. त्या थांब्याचं नाव ब्राखा, म्हणजे हाशेमची स्तुती करणारं छोटं ठरलेलं वाक्य. खाण्याआधी, खाऊन झाल्यावर, वीज चमकली की, इंद्रधनुष्य दिसलं की, संडासातून बाहेर आल्यावर, सगळ्याला ब्राखा आहे. रब्बी (धर्मगुरू) मेइर म्हणतात माणसाने दिवसाला 100 ब्राखा म्हणाव्यात. शंभर ऐकून घाबरू नका, तीन वेळची प्रार्थना नीट करणाऱ्याच्या त्यातल्या बऱ्याचशा तिथेच होतात. पण ज्याला सवय नाही त्याने शंभराच्या मागे लागूच नये, एक धरा. एक ब्राखा, रोज, पण तिच्यासाठी हातातलं काम खाली ठेवून.

सकाळ

सुरुवात उठल्या उठल्या करायची. अलार्म बंद केला की मोबाईल बघायच्या आधी, अंथरुणातच, मोदे आनी ही छोटी प्रार्थना. बायकांनी मोदा आनी म्हणायचं. हिब्रूत फक्त 12 शब्द आहेत आणि त्यात देवाचं नाव नाहीये, त्यामुळे हात न धुता, डोळे अर्धे मिटलेले असतानाही म्हणता येतं. अर्थ असा की हे जिवंत आणि कायम राहणाऱ्या राजा, तू दयेने माझा आत्मा माझ्यात परत ठेवलास म्हणून मी तुझे आभार मानते, तुझा विश्वास मोठा आहे. हा शेवटचा भाग मी बरीच वर्षं न कळता म्हणत होते. विश्वास कोणाचा, तर त्याचा. मग कितीतरी लोक ते असं समजून घेतात, मीही तसंच घेते, की त्याने मला आज परत उठवलं म्हणजे आजच्या दिवसात माझं काहीतरी काम आहे असं त्याला वाटतंय.

यातली गंमत बघा, वाक्यात 'मी' दुसऱ्या नंबरला आहे. आधी मोदा, मग आनी. आधी आभार मग मी. आणि मोदे या शब्दाचे दोन अर्थ होतात, आभार मानणारा आणि कबूल करणारा. मराठीत हे समजावून सांगायला सोपं पडतं कारण आपण आभारही 'मानतो' आणि दुसऱ्याचं म्हणणंही 'मानतो', क्रियापद एकच आहे. जो आभार मानतो तो हेही मानतो की हे माझ्या एकट्याच्या जिवावर झालेलं नाही. याच मुळापासून तोरातल्या याकोबची बायको लेआ हिने आपल्या चौथ्या मुलाचं नाव यहुदा ठेवलं, "या वेळी मी हाशेमचे आभार मानेन" म्हणून, आणि त्या यहुदावरून यहुदी हा शब्द आला. म्हणजे आमचं नावच ते आहे. हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प बसून होते.

मोदा आनी पक्कं झालं की सकाळच्या बाकीच्या ब्राखांकडे जा. आता त्या सगळ्या एकदम सिद्दूर म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातून वाचल्या जातात, पण तल्मुदात, बेराखोत 60 मध्ये, त्या एकेका हालचालीला जोडलेल्या आहेत. डोळे उघडलेत की आंधळ्यांना दृष्टी देणारा, उठून बसलात की बांधलेल्यांना मोकळं करणारा, कपडे घातलेत की उघड्याला पांघरणारा, जमिनीवर पाय टेकलात की पाण्यावर धरती पसरणारा, चपला घातल्यात की माझी सगळी गरज भागवणारा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी हे मुद्दाम जुन्या पद्धतीने करून बघा, पुस्तक न घेता, खरंच पाय टेकताना ती एक ब्राखा, चपलेत पाय घालताना ती एक. जमीन पायाखाली घट्ट लागते याकडे लक्ष कधी जातं आपलं?

आशेर यात्सार, आणि आईची गोष्ट

ही ब्राखा संडास-बाथरूमला जाऊन आल्यावर, हात धुऊन म्हणायची. नवीन माणसाला विचित्र वाटतं, तिथे देवाचं काय काम म्हणून. मलाही लहानपणी लाज वाटायची, मी पुटपुटून संपवायचे. अर्थ असा की त्याने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्यात छिद्रं आणि छिद्रं, पोकळ्या आणि पोकळ्या केल्या, आणि तुझ्या सिंहासनासमोर हे उघड आहे की यातलं एक जरी नको तिथे उघडलं किंवा एक जरी बंद पडलं तर माणूस जगून तुझ्यासमोर उभा राहू शकणार नाही.

मागच्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली आणि नर्स सांगून गेली की आता संध्याकाळपर्यंत त्यांना स्वतःहून झाली पाहिजे, नाहीतर परत नळी घालावी लागेल. नळी घालताना आईला आधी फार त्रास झाला होता. त्यामुळे परत घालायची म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला. दुपारभर आम्ही दोघी गप्प, ती पलंगावर, मी स्टुलावर, समोर भिंतीवर घड्याळ. ती पाणी पीत होती, मी बाथरूमचा नळ बारीक सोडून ठेवला होता, कोणीतरी सांगितलं होतं की आवाजाने होतं म्हणून. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजता नर्स येऊन पोटावर हात ठेवून बघून गेली आणि काही बोलली नाही. सव्वापाचला आई म्हणाली, मला उठव. मी तिला धरून आत नेलं, दार अर्धं लावून बाहेर उभी राहिले आणि मला आठवतंय मी दाराच्या चौकटीला हात लावून उभी होते, घरी मेजुजाला (दाराच्या चौकटीवर लावलेल्या वचनांच्या छोट्या डबीला) लावतो तसा, तिथे मेजुजा वगैरे काही नव्हता तरी. आणि मग आतून आवाज आला. नर्सने मापाच्या भांड्यातलं बघून कागदावर आकडा लिहिला, "छान" म्हणाली आणि पुढच्या पलंगाकडे गेली. आम्ही दोघी रडत होतो.

आईने हात धुतले, पलंगावर टेकली आणि आशेर यात्सार म्हटली, एकेक शब्द सुटा सुटा करून, छिद्रं आणि छिद्रं, पोकळ्या आणि पोकळ्या. मी आयुष्यात ती ब्राखा हजारो वेळा म्हटली असेन, पण ऐकली त्या दिवशी.

म्हणून कोणी मला विचारलं की एकच ब्राखा निवडायची तर कुठली, तर मी हीच सांगते. दिवसातून पाच-सहा वेळा ती आपोआप येते, वेळ काढावा लागत नाही. बाथरूमच्या बाहेर, आत नाही, भिंतीवर कागदावर लिहून लावा, हिब्रू येत नसेल तर मराठीत लावा. आणि म्हणताना चालत सुटू नका, जागेवर उभं राहायचं. दहा सेकंद लागतात.

वही

दुसरी सवय म्हणजे वही. तेहिलिम म्हणजे स्तोत्रांच्या पुस्तकाच्या 92 व्या अध्यायात, जो शब्बाथचा आहे, म्हटलंय की सकाळी तुझी दया सांगावी आणि रात्री तुझा विश्वासूपणा. रात्री सांगायचं तर दिवसात काय झालं ते आठवावं लागतं, म्हणून मी रात्री तीन ओळी लिहिते. मोबाईलवर लिहिलं तरी चालेल, पण मला कागदच बरा वाटतो.

लिहायचं काय, इथे सगळे चुकतात. "घरचे, तब्येत, नोकरी" असं रोज लिहिलं तर आठवड्यात कंटाळा येतो आणि वही बंद पडते. बारीक लिहा. आज, या वेळी, हे झालं. माझ्या वहीतलं सांगते, "साडेतीनला डोकं भणभणत होतं, समोरच्याने न विचारताच खिडकी उघडली." किंवा, "चावी विसरले म्हणून परत वर गेले तर गॅस चालू राहिला होता." किंवा नुसतं, "पोरगी आज स्वतःहून जवळ येऊन बसली." तल्मुदात त्रास कशाला म्हणायचं याची चर्चा आहे आणि तिथे उदाहरण काय दिलंय तर खिशातून तीन नाणी काढायला हात घातला आणि दोनच आली, परत हात घालावा लागला. इतकं छोटं. जर हिशोब इतका बारीक ठेवला जातोय तर आपण खिडकीबद्दल लिहायला काय हरकत आहे.

आणि फक्त चांगलं लिहायचं नाही. वैतागाचंही लिहा, तारीख टाकून, पण त्यावर निकाल देऊ नका, यात देवाचा काय हेतू असेल वगैरे काही नाही, नुसतं लिहून ठेवा. हे का ते पुढे सांगते.

शब्बाथला लिहायचं नसतं, त्यामुळे शुक्रवारी रात्री वही बंद, त्याऐवजी टेबलावर प्रत्येकाने आठवड्यातली एक गोष्ट तोंडाने सांगायची. लहान मुलं फार छान सांगतात, मोठ्यांना सुचत नाही तेव्हा ती आठवण करून देतात. शनिवारी रात्री हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवायचा विधी, झाला, मेणबत्ती विझली, की मग वही काढून मागचा आठवडा वाचायचा. आणि महिन्यातून एकदा, रोश खोदेशला म्हणजे नवीन महिना लागतो तेव्हा, मागचे दोन-तीन महिने वाचायचे. हे वाचणं लिहिण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

पाठमोरं दिसतं

कारण हाशेमचा हात बहुतेक वेळा मागे वळूनच दिसतो. मोशेने विचारलं होतं, मला तुझं तेज दाखव, आणि उत्तर मिळालं, माझी पाठ तुला दिसेल, पण माझा चेहरा दिसणार नाही. रब्बी खताम सोफेर (1762–1839) यांनी याचा अर्थ असा लावला की घटना घडत असताना आपल्याला कळत नाही, ती होऊन गेल्यावर, मागून, कळते.

माझ्या वहीत फेब्रुवारीतली एक ओळ आहे, "ऑफिसात जागा बदलली, खिडकी गेली, पाठीमागे प्रिंटर, दिवसभर खडखड. वैताग." एवढंच. जूनमध्ये आईचं निदान झालं. मी टेबलावरूनच फोनवर भावाशी बोलत होते आणि बाजूच्या टेबलावरच्या बाईने, जिच्याशी मी त्याच मजल्यावर चार वर्षं असूनही कधी बोलले नव्हते, फोन ठेवल्यावर खुर्ची माझ्याकडे सरकवली. तिच्या वडिलांचं हेच ऑपरेशन झालं होतं. तिने एका कागदावर मला डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दिले. त्यातला एक आईच्या रोजच्या गोळ्यांबद्दल होता, रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे का. आई ती गोळी कित्येक वर्षं घेत होती, आणि तिची तिला इतकी सवय झालेली की औषधांची यादी देताना तिने ती सांगितलीच नव्हती. ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं आणि नीट झालं.

ही ओळ मी ऑगस्टमध्ये वही वाचताना परत बघितली. फेब्रुवारीत वैताग लिहून ठेवला नसता तर मला दोन्हीचा धागा कधी लागलाच नसता. हे मी कोणाला सिद्ध करून दाखवू शकणार नाही, आणि मला करायचंही नाहीये. मी त्या रात्री ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि मोदा म्हटलं, दोन्ही अर्थांनी.

तोरातल्या योसेफचं बघा, याकोबचा मुलगा. 17 वर्षांचा पोरगा भावांना शोधत शेखेमच्या रानात भटकतोय, सापडत नाहीयेत, घरी परत गेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तिथे कोणी एक माणूस भेटतो, त्याचं नावही दिलेलं नाही, तो सांगतो ते दोतानला गेलेत. एवढंच बोलून तो तोरातून निघून जातो. मग भावांनी टाकलं तो खड्डा, गुलाम म्हणून विक्री, मिसर (इजिप्त), तुरुंग, आणि तब्बल 22 वर्षांनी भाऊ समोर उभे असताना योसेफ म्हणतो, मला इथे तुम्ही नाही, देवाने पाठवलं. 22 वर्षं लागली त्याला हे वाक्य म्हणायला. आपण संध्याकाळपर्यंत उत्तर मागतो.

एस्तेर राणीच्या पुस्तकातही तेच, अख्ख्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही, नुसतं एका रात्री राजाला झोप लागत नाही एवढंच लिहिलंय, आणि तिथून सगळं फिरतं. पुरीम सणाला मेगिला, म्हणजे हेच पुस्तक, ऐकताना ती जागा आली की मी मुलांना हलकेच कोपराने ढोसते.

कुठे जपायचं

हा भाग मला मनापासून सांगायचाय कारण इथे चांगली माणसं घसरतात.

एक म्हणजे शकुन-अपशकुन. हाशेमचा हात बघणं आणि खुणा वाचणं यात फरक आहे. तोंडातला घास पडला, हातातली काठी पडली म्हणून आज जायला नको, असं ठरवणं तल्मुदात निखुश म्हणजे शकुन बघण्यात मोडतं, आणि तोराने ते सरळ मना केलंय. घटना होऊन गेल्यावर आभार मानायचे, तिच्यावरून पुढचं भविष्य काढायचं नाही. "सिग्नल हिरवा मिळाला म्हणजे हो म्हणायचं" असं मोठे निर्णय घेताना करू नका, त्यासाठी डोकं दिलंय, सल्ला विचारायला माणसं दिलीत.

दुसरं, चमत्कारावर विसंबायचं नाही, हा आपला जुना नियम आहे. गोळी घ्यायची, डॉक्टरकडे जायचं, दार नीट लावायचं. डॉक्टरचा हातही त्याचाच.

तिसरं सगळ्यात मोठं. दुसऱ्याच्या दुःखात देवाचा हात दाखवायला जाऊ नका. कधीच नाही. कोणाचं मूल गेलं, कोणाला मोठा आजार निघाला, तिथे जाऊन "यातही काहीतरी चांगलं असेल" म्हणणं म्हणजे इयोवच्या पुस्तकात दुःखात बुडालेल्या इयोवच्या मित्रांनी केलं तेच, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी हाशेम त्या मित्रांवर रागावलाय, तुम्ही माझ्याबद्दल बरोबर बोलला नाहीत म्हणून. तल्मुद तर असं बोलणं म्हणजे शब्दांनी माणसाला दुखावणं, असं स्पष्ट सांगतो. मोशेचा भाऊ अहरोन, त्याचे दोन मुलगे एका दिवशी गेले तेव्हा तो गप्प राहिला, एवढंच लिहिलंय. शिवाला, म्हणजे सात दिवसांच्या सुतकात भेटायला, गेलात की तुम्हीही गप्प बसा, दुःखातलं माणूस बोलल्याशिवाय बोलू नका. "गाडी चुकली म्हणून वाचलो" या प्रकारच्या गोष्टी सांगतानाही मी आता जपते, कारण ऐकणाऱ्यांत कोणाचं तरी माणूस त्या गाडीत असू शकतं. आभार माझ्या घरात मानेन, मनापासून मानेन, पण त्याचा धडा चारचौघांत देणार नाही.

आणि वाईट दिवस

स्वतःच्या वाईट दिवसाचं काय, हे विचारणारच तुम्ही. मिश्नात, म्हणजे तल्मुद ज्यावर उभा आहे त्या जुन्या नियमसंग्रहात, म्हटलंय की माणसाने चांगल्यासाठी ब्राखा म्हणावी तशी वाईटासाठीही म्हणावी, आणि वाईट बातमीची ब्राखा आहेच, बारुख दायान हाएमेत, खरा न्याय करणारा. मला ती म्हणताना दर वेळी जड जातं आणि मला वाटतं ती जड जायलाच हवी. तिच्यात "छान झालं" असं म्हणायला लावलेलं नाही. फक्त एवढंच की याही क्षणी मी तुझ्याशीच बोलतेय.

रब्बी अकिवाची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय, गावात उतरायला जागा मिळाली नाही, रानात झोपले, जवळ एक दिवा, एक कोंबडा, एक गाढव. वाऱ्याने दिवा विझला, मांजराने कोंबडा खाल्ला, सिंहाने गाढव खाल्लं, आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले, दयाळू जे करतो ते भल्यासाठी. त्याच रात्री सैन्य आलं आणि अख्खं गाव कैद करून घेऊन गेलं, दिवा किंवा आवाज असता तर तेही सापडले असते. ही गोष्ट चांगलीच आहे, पण लक्षात घ्या की अकिवा हे स्वतःच्या गाढवाबद्दल बोलत होते. आणि ते म्हणाले तेव्हा सैन्य यायचं होतं, त्यांना माहीत नव्हतं. अंधारात, काही न कळता म्हणाले. माझ्याच्याने ते दर वेळी होत नाही, ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी मी तेहिलिममधलं एखादं रडगाणं वाचते, त्यात तक्रारी भरपूर आहेत आणि त्याही पवित्रच धरल्यात.

शब्बाथ

वर सगळं रोजचं सांगितलं, पण आठवड्याचा मोठा थांबा शब्बाथच. मेणबत्ती लावताना आम्ही हातांनी डोळे झाकतो. त्याचं कारण ब्राखा आधी आणि उपभोग नंतर हा क्रम राखायचा असतो, पण ब्राखा म्हटली की शब्बाथ लागला, मग काडी ओढता येणार नाही, म्हणून आधी पेटवायचं, डोळे झाकायचे, ब्राखा म्हणायची आणि मग हात काढून उजेड बघायचा. उजेड आधीपासूनच असतो. त्या काही सेकंदांत बोटांच्या फटीतून गरम लालसर काहीतरी जाणवत असतं, आणि मग हात बाजूला केले की तेच घर, तेच टेबल, तीच माणसं. हे मी नवीन सुरुवात करणाऱ्या प्रत्येकीला सांगते, हात काढताना घाई करू नकोस. त्याआधी दोन नाणी त्सेदाका म्हणजे दानाच्या डब्यात टाकायची, कारण कोणाच्या तरी वहीत आपला हातही यायला हवा, माझ्या वहीत त्या बाजूच्या टेबलावरच्या बाईचा आला तसा.

थांबण्याची ताकद किती असते याचं मला सापडलेलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच भाषेतलं आहे. कोकणातले बेने इस्रायल शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगापासून तुटून राहिले, हिब्रू बहुतेक विसरून गेले, तल्मुद तर त्यांच्याकडे नव्हताच. पण शेमा, म्हणजे देव एकच आहे ही प्रार्थना, तोंडात राहिला, आणि शनिवारी तेलाचे घाणे बंद राहिले, इतके नियमित की आजूबाजूचे लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. पुस्तकं नसताना ते कोण आहेत हे त्यांना या थांब्यांनी आठवत ठेवलं. म्हणून कोणी म्हणालं की मला फार काही येत नाही, हिब्रू येत नाही, मी कुठून सुरू करू, तर मला तो बंद घाणा आठवतो.

एक शेवटचं राहिलं, आमेन. दुसऱ्याची ब्राखा कानावर पडली की आमेन म्हणायचं, त्याने म्हणणाऱ्याचंही आणि ऐकणाऱ्याचंही लक्ष जागेवर येतं, आणि घरात एकट्याने ही सवय टिकवण्यापेक्षा दोघांनी टिकवणं सोपं जातं. आई आता बरी आहे. बाथरूमच्या बाहेर भिंतीला टेकून ती आशेर यात्सार अजूनही तशीच म्हणते, सुटं सुटं, हॉलमध्ये ऐकू येईल एवढ्या आवाजात. पोरगी अभ्यास करत असते, मान वर न करता आमेन म्हणते, आणि मी स्वयंपाकघरातून.